महाराष्ट्राच्या खासदारांना खुलं पत्र: माहिती आमची फुटते, दंड तिजोरीत जातो, आम्हाला काय?

महाराष्ट्रातून लोकसभेत गेलेले ४८ आणि राज्यसभेतले १९, तुम्हा सगळ्या खासदारांना नमस्कार.

मी पुण्यात सहकारनगरला राहते, इन्कम टॅक्स रिटर्न आणि अकाउंट्सची कामं करते. माझ्याकडे येणारी बरीचशी मंडळी रिटायर्ड आहेत, कोणी बँकेतून, कोणी शाळेतून, कोणी टेलिफोन खात्यातून, आणि आता सगळ्यांच्या हातात स्मार्टफोन आहे, सगळे फेसबुकवर आहेत, व्हॉट्सॲपवर तर आहेतच. मी वकील नाही, पण कामामुळे कायद्याची कलमं वाचायची सवय आहे, आणि डिजिटल पर्सनल डेटा प्रोटेक्शन कायदा २०२३ मी पहिल्या कलमापासून शेवटच्या परिशिष्टापर्यंत वाचलाय. वाचल्यापासून एक गोष्ट डोक्यातून जात नाहीये. एखाद्या कंपनीने आपली माहिती नीट सांभाळली नाही, ती फुटली, तर कंपनीला २५० कोटींपर्यंत दंड होऊ शकतो, हे सगळीकडे ठळक छापून आलं. तो दंड कुठे जातो हे कलम ३४ मध्ये लिहिलंय, भारताच्या एकत्रित निधीत, म्हणजे सरकारी तिजोरीत. आणि ज्या माणसाची माहिती फुटली त्याला भरपाई म्हणून एक रुपया द्यायची तरतूद अख्ख्या कायद्यात कुठेही नाही.

हे पत्र तेवढ्यासाठीच आहे. तुम्ही कुठल्या पक्षाचे आहात याच्याशी मला घेणंदेणं नाही, तुमच्यापैकी कोणीही हा विषय उचलला तरी चालेल.

माझ्याकडे एक बाई रिटर्नला येतात, शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून रिटायर झालेल्या, मिस्टर गेले, मुलगा अमेरिकेत. त्यांना विचारून, नाव-गाव न देता सांगतेय. त्यांना फोन आला की तुमच्या मुलाच्या नावाचं पार्सल पकडलंय, त्यात ड्रग्ज आहेत, तुम्ही डिजिटल अरेस्टमध्ये आहात, कॅमेरा बंद करायचा नाही, कोणाला फोन करायचा नाही. आता असे फोन ऐकून ऐकून सगळ्यांना माहिती झालेत आणि लोक लगेच म्हणतात की एवढी शिकलेली बाई फसली कशी. पण समोरच्या माणसाला मुलाचं नाव माहिती होतं, तो कुठल्या शहरात आहे ते माहिती होतं, नातीचं घरातलं लाडाचं नाव माहिती होतं, मिस्टर कुठल्या खात्यात नोकरीला होते आणि कुठल्या महिन्यात गेले ते सुद्धा. बाई मला म्हणाल्या, "अगं, एवढं सगळं ज्याला माहिती आहे तो सरकारचाच माणूस असणार ना, बाहेरच्याला कसं कळेल?" मी नंतर त्यांच्या शेजारी बसून त्यांचं फेसबुक उघडून बघितलं. मुलाने टॅग केलेला घराच्या वास्तुशांतीचा फोटो, मिस्टरांच्या पुण्यतिथीची पोस्ट, नातीच्या वाढदिवसाच्या फोटोखाली आजीने केलेली कमेंट, सगळं होतं तिथे. नव्हता फक्त फोन नंबर, तो त्यांनी प्रोफाईलवर कधीच दाखवला नव्हता. मग हे नाव आणि हा नंबर एकमेकांना जोडला कोणी?

एफडी मोडल्या, म्युच्युअल फंड विकले, आरटीजीएस केलं. भान आल्यावर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनला फोन केला, शिवाजीनगरला सायबर पोलिसांकडे गेलो, तिथे त्यांचं नीट ऐकून घेतलं, पण तोपर्यंत पैसे एका खात्यातून दुसऱ्या, दुसऱ्यातून तिसऱ्या असे भाड्याच्या खात्यांतून फिरून गेले होते, थोडी रक्कम होल्ड झाली आणि ती सोडवायला पण कोर्टाची ऑर्डर लागत होती.

आणि याच्यापुढचं जे माझ्या टेबलावर येतं ते कोणी लिहीत नाही म्हणून लिहिते. मुदतीआधी एफडी मोडली म्हणून व्याजदर कमी झाला, वर बँकेची पेनल्टी लागली, तरी जे काही व्याज जमा झालं त्याच्यावर टीडीएस कापला गेला आणि ते उत्पन्न म्हणून रिटर्नमध्ये दाखवावंच लागलं. फंड विकले त्याचा कॅपिटल गेन आला, त्याच्यावर टॅक्स. पैसे चोरांनी नेले म्हणून पेन्शनर माणसाला त्याची वजावट मिळत नाही. म्हणजे पैसे गेले आणि गेलेल्या पैशांवरचा टॅक्स मात्र पेन्शनमधून भरायचा. ते चलन मी स्वतः भरलंय त्यांच्यासाठी, आणि त्या समोर बसल्या होत्या, चष्मा काढून पुसत, "भरून टाक गं, सरकारचं देणं ठेवायचं नाही" म्हणत. सरकारचं देणं न ठेवणाऱ्या या बाईंचं सरकार काही देणं लागतं की नाही, हे मला तुमच्याकडून ऐकायचंय.

नाव आणि नंबर कसा जोडला जातो ते सांगते, कारण माझ्याकडचे लोक विचारतात आणि तुम्हालाही लोक विचारत असतील. एप्रिल २०२१ मध्ये फेसबुकच्या ५३ कोटींपेक्षा जास्त लोकांची माहिती इंटरनेटवर फुकट टाकली गेली, १०६ देशातले लोक, त्यात भारतातले साधारण ६० लाख. फोन नंबर, नाव, गाव, काहींची जन्मतारीख, ईमेल. याच्यासाठी कोणी सर्व्हर फोडला नाही. आपल्या फोनमधले नंबर अपलोड करून मित्र शोधायची जी सोय होती, तिच्यात कोणीतरी ढिगाने नंबर टाकत गेलं आणि कुठला नंबर कुठल्या प्रोफाईलचा ते काढत गेलं. प्रोफाईलवर नंबर लपवलेला असला तरी नंबरवरून शोधता येण्याची सेटिंग वेगळी होती आणि ती मुळातच सगळ्यांसाठी उघडी ठेवलेली होती, आमच्या पेन्शनरांपैकी किती जणांना ती सेटिंग असते हे तरी माहिती होतं? आयर्लंडच्या डेटा कमिशनने यासाठी नोव्हेंबर २०२२ मध्ये फेसबुक आणि व्हॉट्सॲपची मालक कंपनी मेटाला २६.५ कोटी युरो दंड केला. बरं, २०२१ ची गोष्ट म्हणून सोडून द्यावी तर २०२५ मध्ये व्हिएन्ना विद्यापीठातल्या संशोधकांनी व्हॉट्सॲपवर हाच प्रकार करून दाखवला, ३५० कोटी खाती नंबरवरून शोधून काढली, आणि २०२१ मध्ये फुटलेल्या नंबरांपैकी जवळपास निम्मे अजून व्हॉट्सॲपवर चालू असल्याचं त्यांना दिसलं. त्यांनी कंपनीला कळवलं म्हणून बंदोबस्त झाला. पण पासवर्ड बदलता येतो तसा नंबर कोणी बदलत नाही, त्याच नंबरला बँक आहे, आधार आहे, गॅस आहे, नातेवाईक आहेत.

आता तुम्ही म्हणाल की याच बाईंचा नंबर त्या यादीतूनच गेला कशावरून. बरोबर आहे, मी ते सिद्ध करू शकत नाही, त्याही करू शकत नाहीत, कोणीच करू शकत नाही. नंबर फेसबुकवरून गेला असेल, कुठल्या तरी दुकानाच्या लकी ड्रॉच्या कूपनवरून गेला असेल, नाहीतर रावेत-पुनावळेच्या फ्लॅटच्या जाहिरातीतून. ती जाहिरात तुम्ही पण बघितली असेल, टू बीएचके, हप्त्याचा आकडा मोठ्या अक्षरात, "अधिक माहिती" वर बोट लागलं की तिथल्या तिथे फॉर्म उघडतो आणि त्यात नाव, नंबर, ईमेल प्रोफाईलवरून आधीच भरलेलं असतं, आपण फक्त सबमिट दाबायचं. माझ्या एका क्लायंटनी दाबलं आणि पुढचे कित्येक आठवडे त्यांना वेगवेगळ्या ब्रोकरचे फोन, सगळ्यांना बजेट सुद्धा माहिती.

मुद्दा असा आहे की कुठल्या भोकातून माहिती गळली हे सिद्ध करायचं ओझं फसलेल्या माणसावर टाकलं तर कोणालाच कधीच न्याय मिळणार नाही. हे जर्मनीतल्या सर्वोच्च दिवाणी कोर्टाला कळलं. नोव्हेंबर २०२४ मध्ये, याच फेसबुकच्या फुटलेल्या नंबरांच्या केसमध्ये, त्या कोर्टाने सांगितलं की आपल्या माहितीवरचा आपला ताबा गेला हेच नुकसान आहे, पुढे गैरवापर झाला का हे वेगळं सिद्ध करायची गरज नाही, आणि १०० युरोच्या आसपास भरपाई योग्य ठरू शकते असंही सुचवलं. शंभर युरो ही काही मोठी रक्कम नाही. पण तिथल्या माणसाला हक्क आहे. त्याच महिन्यात आपल्या स्पर्धा आयोगाने व्हॉट्सॲपच्या २०२१ च्या प्रायव्हसी पॉलिसीवरून मेटाला २१३.१४ कोटींचा दंड ठोठावला, चांगलं केलं, पण "मान्य करा नाहीतर ॲप बंद" म्हणून ज्यांनी ते बटण दाबलं त्या वापरणाऱ्यांच्या हातात त्यातलं काहीच येत नाही, तो दंड पण सरकारजमाच.

केंब्रिज ॲनालिटिका या निवडणूक प्रचाराचं काम करणाऱ्या ब्रिटिश कंपनीच्या प्रकरणाचं तेच. २०१८ च्या मार्चमध्ये ते उघडकीला आलं, एका पर्सनॅलिटी टेस्टच्या ॲपमधून ८ कोटी ७० लाख लोकांची माहिती गेली असू शकते असं फेसबुकने कबूल केलं. भारतात ते ॲप घेतलं फक्त ३३५ जणांनी, पण त्यांच्या मित्रयादीतून मिळून ५ लाख ६२ हजार ४५५ भारतीयांची माहिती गेली असू शकते, हा आकडा पण फेसबुकचाच. म्हणजे त्या साडेपाच लाखातल्या जवळजवळ कोणीही ॲप उघडलं सुद्धा नव्हतं, मित्राने उघडलं होतं. अमेरिकेत २०१९ मध्ये फेसबुकला ५०० कोटी डॉलर दंड झाला, आणि तो वेगळा, पण तिथल्या वापरणाऱ्यांनी एकत्र येऊन दावा लावला त्यात २०२२ च्या डिसेंबरमध्ये कंपनीने ७२.५ कोटी डॉलर देऊन तडजोड मान्य केली, ते पैसे अर्ज करणाऱ्या साध्या अमेरिकन लोकांसाठी. आपल्याकडे सीबीआयने जानेवारी २०२१ मध्ये गुन्हा नोंदवला. आपल्या साडेपाच लाखांपैकी भरपाई मिळालेला एक माणूस मला दाखवा.

आपल्याकडे असा हक्क कधीच नव्हता असं नाही, हे जास्त लागतं मनाला. इन्फर्मेशन टेक्नॉलॉजी ॲक्टमध्ये, म्हणजे आयटी ॲक्टमध्ये, कलम ४३-ए आहे, कंपनीने संवेदनशील माहिती निष्काळजीपणाने हाताळली आणि कोणाचं नुकसान झालं तर कंपनीने त्याला भरपाई द्यायची. तोकडं आहे ते, पासवर्ड, बँकेची माहिती, आजारपणाचे कागद, बोटांचे ठसे अशी ठरावीक माहितीच त्यात येते, साधा फोन नंबर येत नाही. तरी रस्ता होता. राज्याचे आयटी सेक्रेटरी हे निवाडा अधिकारी, ५ कोटींपर्यंतचा दावा त्यांच्यासमोर चालतो, दिवाणी कोर्टात वर्षानुवर्षं फेऱ्या नाहीत. आणि या आयटी ॲक्टच्या रस्त्याने पैसे मिळू शकतात हे पुण्याच्याच केसमध्ये दिसलंय. इथल्या एका ऑटो पार्ट्सच्या कंपनीच्या मालकाच्या खात्यातून फिशिंग करून ८० लाख १० हजार रुपये काढले गेले, आणि २०१३ मध्ये महाराष्ट्राच्या आयटी सेक्रेटरींनी बँकेला ४५ लाख द्यायला लावले. मालकाने फसव्या मेलला उत्तर दिलं होतं, ती चूक त्याच्या वाट्याला धरली, पण बँकेने चोरांची खाती नीट न तपासता उघडली ही बँकेची चूकही धरली. किती सरळ निवाडा आहे बघा, दोघांची चूक दोघांच्या पदरात.

नवीन कायद्याचं कलम ४४(२) हे ४३-ए काढून टाकतंय. या कायद्याखालच्या डेटा प्रोटेक्शन बोर्डाच्या अखत्यारीतल्या बाबतीत दिवाणी कोर्टात जायची वाट कलम ३९ ने बंद केलीय. बोर्ड दंड करणार, भरपाई देणार नाही. आणि कलम १५ मोडून केलेली तक्रार खोटी किंवा फालतू ठरली तर तक्रार करणाऱ्यालाच १० हजारांपर्यंत दंड. त्या मुख्याध्यापिका बाईंना मी कुठल्या तोंडाने सांगू की जा, तक्रार करा? मिळायचं काही नाही, उलट द्यावे लागायची भीती.

हे नजरचुकीने राहिलं असं म्हणायला पण जागा नाही. २०१८ मध्ये न्यायमूर्ती श्रीकृष्ण समितीने जो मसुदा दिला त्यात भरपाईचं कलम होतं. २०१९ च्या विधेयकात होतं. ते विधेयक ऑगस्ट २०२२ मध्ये मागे घेतलं आणि नंतर जो मसुदा आला त्यातून ते कलम गायब झालं, आणि ७ ऑगस्ट २०२३ ला लोकसभेत, ९ ऑगस्टला राज्यसभेत कायदा मंजूर झाला. तुमच्यापैकी काही जण तेव्हा सभागृहात होता. भरपाई का काढली, हे कोणी विचारलं का, आणि काय उत्तर मिळालं, ते आम्हाला कळू दे.

अजून एक कलम बघा, ३(सी)(२). जी माहिती माणसाने स्वतः सार्वजनिक केली तिला हा कायदा लागूच नाही, आणि कायद्यात दिलेलं उदाहरण पण सोशल मीडियावर लिहिणाऱ्या व्यक्तीचंच आहे. म्हणजे बाईंनी नवऱ्याच्या पुण्यतिथीला चार ओळी लिहिल्या, पोस्ट पब्लिक होती, तर त्या चार ओळी गोळा करून, नंबरला जोडून, यादी करून विकणाऱ्याला हा कायदा हात लावणार नाही असा त्याचा अर्थ निघतो. पुण्यतिथीची पोस्ट ही नातेवाईकांनी आणि शाळेतल्या जुन्या विद्यार्थ्यांनी वाचावी म्हणून असते, त्यावरून कोणी तिची फाईल तयार करावी म्हणून नसते. सुप्रीम कोर्टाच्या ९ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ ला पुट्टस्वामी खटल्यात प्रायव्हसी हा मूलभूत हक्क आहे म्हणून सांगितलं, मग तो हक्क पोस्ट टाकताक्षणी संपतो का?

मला माहितीये की दुसऱ्या बाजूने काय सांगितलं जातं. भरपाई ठेवली तर दाव्यांचा पूर येईल, छोटे स्टार्टअप बुडतील. बाणेर, बालेवाडी, खराडीच्या छोट्या कंपन्यांची अकाउंट्स मी बघते, त्यांची काळजी मला पण आहे. पण बोर्ड दंड करताना कंपनीची चूक किती गंभीर होती, कुठल्या प्रकारची माहिती गेली, कंपनीने नंतर काय केलं हे सगळं बघणारच आहे, मग त्याच दंडातला वाटा ज्यांची माहिती गेली त्यांना द्यायचा, वेगळा दावाच लागणार नाही. कंपनीला एक रुपया जास्त पडत नाही, फक्त तो रुपया कोणाकडे जातो ते बदलतं. आणि लोकांनी स्वतः जागरूक राहावं हे म्हणणं पण मान्य, पंतप्रधानांनी ऑक्टोबर २०२४ मध्ये मन की बातमध्ये डिजिटल अरेस्टबद्दल सांगितलं, कॉलर ट्यून वाजल्या, आमच्या ज्येष्ठ नागरिक संघात पोलीस येऊन माहिती देऊन गेले, सगळं चांगलंच आहे. पण जी माहिती कंपनीच्या ताब्यात आहे तिच्याबद्दल आजीबाईंनी कितीही जागरूक राहून काय होणार आहे?

एक गोष्ट थेट तुमच्याशी संबंधित आहे म्हणून बोलते, राग मानू नका. निवडणूक आली की आमच्या फोनवर सगळ्याच पक्षांचे मेसेज येतात, नावानिशी, कधी बूथ नंबर सकट, रेकॉर्ड केलेल्या आवाजात फोन येतात. जी मतदार यादी बघायला मिळते तिच्यात मोबाईल नंबर नसतो. मग आमच्या नावाला आमचा नंबर कोणी जोडला, कुठून विकत घेतला, हे तुमच्या पक्षाच्या ऑफिसात विचारा आणि आम्हाला जाहीरपणे सांगा. याद्या विकणाऱ्याला गिऱ्हाईक कोण कोण आहे हे कळल्याशिवाय हा धंदा थांबायचा नाही.

तर मागणी अशी आहे. कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि मुख्य कलमं लागू व्हायला १८ महिने ठेवलेत, कलम ४४(२) त्यातच आहे, म्हणजे साधारण मे २०२७ पर्यंत ४३-ए जिवंत आहे. ते नोटिफिकेशन मंत्रालयाचं आहे आणि मंत्रालयाला ते बदलता येतं, तेव्हा भरपाईची नवीन सोय होईपर्यंत ४४(२) लागू करू नका एवढं तुम्ही सगळ्यांनी मिळून लेखी मागा. त्याच्या पुढे कलम ३४ मध्ये दुरुस्ती, दंडाचा ठरावीक वाटा बाधित लोकांना, आणि माहितीवरचा ताबा गेला हेच नुकसान धरायचं, जर्मनीच्या कोर्टाने धरलं तसं. सरकार आणत नसेल तर शुक्रवारी खाजगी विधेयक मांडायचा हक्क तुमच्यापैकी मंत्री नसलेल्या प्रत्येकाला आहे. तेही जमत नसेल तर निदान एक लेखी प्रश्न टाका, भरपाईचं कलम का काढलं आणि केंब्रिज ॲनालिटिकाच्या ५ लाख ६२ हजार लोकांचं पुढे काय झालं, म्हणजे उत्तर रेकॉर्डवर येईल.

हे पत्र, कलम १५, ३४, ३९, ४४ आणि ४३-एच्या झेरॉक्ससकट, मी पुण्याच्या खासदारांच्या ऑफिसात स्वतः नेऊन देणार आहे आणि पोच घेणार आहे. बाकीच्यांना स्पीड पोस्टाने पाठवतेय. ज्यांचं उत्तर येईल त्यांचं उत्तर आमच्या ज्येष्ठ नागरिक संघाच्या बोर्डावर लावू, जे येईल ते, जसंच्या तसं.

आपली,
सहकारनगरची एक मतदार, पुणे